टाकी उघडल्याशिवाय नाही

आबा,

यंदाच्या मे महिन्यात कापडे गावाच्या पुढे, रस्त्याच्या कडेला, मी एका ट्रकचा डिझेल पंप बदलला आणि तो ट्रक भरल्या मालासकट आंबेनळीची वळणं चढून गेला. शेवट आधीच सांगून टाकते, कारण तुम्हाला तशीच सवय होती. एखादा ड्रायव्हर गॅरेजच्या दारात उभा राहून काल कुठे कसला आवाज आला, कोण काय म्हणालं, असं लांबण लावायला लागला की तुम्ही हात वर करायचात. "ते ऱ्हाऊ दे. आधी सांग, गाडी चालू हाय का बंद?" चालू आहे, आबा. पावसाळा संपत आला तरी चालू आहे. आता बाकीचं सावकाश सांगते.

तुम्ही गेलात तेव्हा असले पंप आपल्या रस्त्यावर आलेही नव्हते. तुमचा पंप म्हणजे इंजिनाच्या कुशीला बसलेली ती लांबट जड पेटी, एकेका सिलिंडरला एकेक नळी, आणि खुणेला खूण जुळवून टायमिंग लावायची तुमची ती पद्धत. डोळे अर्धे मिटून, मान तिरकी करून, जणू कुणाची नाडी बघताय. महाडपासून घाटाच्या पायथ्यापर्यंत टायमिंग लावावं तर पोलादपूरच्या आबांनीच, असं लोक म्हणायचे. आताचा पंप नारळाएवढा असतो. तो डिझेल दाबून एका जाड नळीत भरून ठेवतो, तिला रेल म्हणतात, आणि तिथून प्रत्येक इंजेक्टर आपापल्या वेळेला आपला घोट घेतो. दाब इतका, की चालू इंजिनावर पाइप सैल केला तर डिझेलची धार कातडी फाडून आत जाईल. कुणी कधी काय प्यायचं ते कॉम्प्युटर ठरवतो, त्यामुळे यातल्या बऱ्याच पंपांना टायमिंगची खूण लागतच नाही. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मला तुमच्यासाठी वाईट वाटलं होतं. तुमची अर्धी विद्या एका नारळाने बाद केली, असं बरीच वर्षं माझ्या मनात होतं.

ट्रक कुणाचा ते ऐकून तुम्ही हसाल. तुमचं ते जुनं गिऱ्हाईक, ज्यांना मी लहानपणापासून काका म्हणत आले, जे चहा टपरीवर न पिता आपल्याच घरी येऊन प्यायचे. तुम्ही गेल्यावर दोनेक महिन्यांनी त्यांचा ट्रक गॅरेजसमोर थांबला होता. मी पाना हातात घेऊनच बाहेर आले. त्यांनी वरून विचारलं, "कोण हाय गो आत?" मी म्हटलं, "मीच आहे." "तसं नाय, मेकॅनिक कोण हाय?" मी पुन्हा म्हटलं, "मीच." ते हसले. कुचकं नाही, उलट मायेनंच हसले, आणि तेच जास्त लागलं. "बरं बरं, येतो फिरून," म्हणाले आणि गाडी महाडच्या दिशेला घातली. आयटीआयचा डिझेल मेकॅनिकचा दाखला आणि तुमच्या हाताखालची चार वर्षं घेऊन मी धुरळ्यात उभी राहिले. काका फिरून आले ते यंदा, आणि तेही फोनवर.

"गो, तुझ्याकडे तो कॉम्प्युटर हाय ना, गाडीला लावायचा? तिसरा पंप आणलाय. दोन खाल्लेन या गाडीनं."

गाडीत माल काय होता, ते महत्त्वाचं. घाटाच्या रस्त्याला उजवीकडे फुटून आत गेलं की ओढ्यापलीकडे एक वाडी आहे, वीस-बावीस घरांची. पावसात ओढा भरला की वाडी तुटते. आजाऱ्याला डोलीत घालून, दोर धरून, पाणी उतरायची वाट बघत बसायचं. कित्येक वर्षं मागून मागून यंदा त्यांना ओढा ओलांडायला लोखंडी साकव मिळाला होता. त्याचे लांब गर्डर काकांच्या ट्रकवर होते, आणि ते उचलून ओढ्यावर ठेवायला क्रेन शुक्रवारी सकाळी यायची होती. तो शुक्रवार चुकला तर क्रेन दुसऱ्या कामावर जाणार, मग पाऊस, मग पुढचा उन्हाळा. मी कापड्याला पोचले तेव्हा मंगळवारचे अकरा वाजले होते. ट्रक चढणीच्या तोंडाशी, चाकांना दगड लावून उभा. काका फुटबोर्डावर बसलेले, केस पार पांढरे झालेले. आणि आंब्याच्या सावलीत वाडीची एक म्हातारी, डोक्याला पदर, शेजारी भाकरीचं गाठोडं. मी मावशी म्हणाले तिला. "लोखंड येईल येईल म्हनतात, म्हनून बगाया आले," ती म्हणाली. "सून माजी गरवार हाय. आषाढात दिवस भरतात."

काकांनी नव्या पंपाचा खोका माझ्यासमोर ठेवला. "बसव नि सोड. तुझ्या आबानं दुपारच्या जेवणाआधी गाडी सोडली असतीन."

मी जुना पंप उतरवण्याआधी भोवतालचं सगळं धुऊन, पुसून घेतलं. बॅटरी सोडली, रेलमधला दाब उतरेपर्यंत थांबले. मग पंपाला डिझेल मोजून देणारा जो छोटा व्हॉल्व्ह असतो, तेवढाच काढून पांढऱ्या फडक्यावर उपडा केला. फडक्यावर डिझेल पसरलं आणि त्यात बारीक चकाकी पसरली. मिठाईवरचा वर्ख चुरडावा तशी. पंपाच्या पोटातलं लोखंड झिजून त्याचा भुगा झाला होता. दोन पंप मेले ते भंगार निघाले म्हणून नाही, एवढं तिथेच कळलं. त्यांना कुणीतरी मारत होतं, आणि मारणारा अजून गाडीतच होता.

मी म्हटलं, "काका, टाकी उघडायची. रेल, पाइप, इंजेक्टर सगळं बाहेर काढायचं. त्याशिवाय मी नवा पंप बसवणार नाही."

काका उठून उभे राहिले. "दोन दिवस जातील गो! शुक्रवारी क्रेन हाय. दोन मेकॅनिकनी नुसता पंप बदलून दिलान."

"आणि किती दिवस चालला?"

 काका आवाज चढवून म्हणाले, "तुला जमत नसंल तर तसं सांग. महाडवरनं दुसरा बोलवतो."

इथे थांबून एक जुना दिवस सांगायला हवा, जो तुम्ही कदाचित संध्याकाळपर्यंत विसरलाही असाल. मी बावीस वर्षांची आहे. गॅरेजमध्ये एका टँकरचा पंप मी पहिल्यांदा एकटीने बसवतेय आणि तुम्ही पलीकडे बाकावर बसून मुद्दाम वर्तमानपत्र वाचताय. चहा येतो. मी हातातला पाइप जमिनीवर ठेवते, तोंडाला बुच न लावता, आणि कपबशी उचलते. हायवेवरून एक बस जाते, धुरळा उठतो. चहा संपवून मी पाइप बसवते, नट आवळते. तुम्ही पेपर घडी करून ठेवता, उठता, आणि माझ्या हातातला पाना घेऊन मी लावलेला एकेक नट सोडायला लागता. ड्रायव्हर कळवळतो, "आबा, असू द्या, उशीर होतोय." तुम्ही त्याच्याकडे बघतही नाही. मला म्हणता, "गाडी थांबली तरी चालंल. घाण आत गेलेली नाय चालायची." माझ्या डोळ्यांत पाणी येतं. तुम्हाला ते दिसतं. तुम्ही म्हणता, "पोरीला नाय बोलत मी. मेकॅनिकला बोलतोय." पुढचे तीन तास मी सगळं पुन्हा धुतलं आणि मनातल्या मनात तुम्हाला शिव्या दिल्या. तुम्ही मला पहिल्यांदा मेकॅनिक म्हणालात, हे माझ्या लक्षात आलं ते रात्री भाकरी मोडताना. तेव्हा तुमच्याकडे बघितलं, तर तुम्ही आईकडे ताक मागत होता.

तर कापड्याच्या त्या रस्त्यावर मी काकांना म्हटलं, "बोलवा दुसरा. पण आबा असते तर त्यांनी टाकी आधी उघडली असती, पंपाकडे नंतर बघितलं असतं. तुम्ही त्यांना वीस वर्षं ओळखत होता. खोटं असेल तर सांगा."

 आंब्याच्या सावलीतून मावशीच बोलली. "करू दे रे तिला. आमी एवडे पावसाळे काडले, दोन दिस नाय काडनार?"

काकांनी खिशातली किल्ली काढून माझ्या हातात दिली. 

टाकीच्या तळाचा बोल्ट सोडून मी पहिलं डिझेल एका पारदर्शक पाण्याच्या बाटलीत धरलं आणि फुटबोर्डावर उभी ठेवली. पाच मिनिटांत बाटलीत दोन थर झाले. वर डिझेल, खाली चार बोटं गढूळ पाणी, आणि त्या पाण्याच्या तळाशी तांबडा गंज. काकांनी बाटली उचलून उन्हात धरली. बराच वेळ धरली. मग त्यांनाच आठवलं, की मागच्या पावसाळ्यात टाकीचं झाकण हरवलं होतं आणि सबंध श्रावण-भादवा तोंडाला चिंधीचा बोळा होता. टाकीजवळच्या गाळणीची जाळी वारंवार तुंबते म्हणून एकाने ती काढूनच टाकली होती. मी त्यांना सांगितलं, की या पंपाला वंगणाचं वेगळं तेल नसतं, डिझेल हेच त्याचं वंगण. त्यात पाणी आलं की पंप कोरडा घासतो, घासून घासून भुगा करतो, तो भुगा रेलमध्ये, इंजेक्टरमध्ये जातो, आणि परतीच्या नळीने पुन्हा टाकीत येतो. नवा पंप म्हणजे नवा बळी. काका खाली बसले. "म्हणजे माझ्याच हातनं झालं," ते म्हणाले. मी म्हटलं, "झालं ते झालं. आता इंजेक्टर घेऊन महाडला पळा."

मी काढून दिलेले सहाही इंजेक्टर फडक्यात गुंडाळून, एका मोटरसायकलच्या मागे बसून, मांडीशी धरून काका महाडच्या पंप-नोझलवाल्याकडे गेले. एखादं तान्हं मूल दवाखान्यात न्यावं तसे. मी टाकी उतरवली, तीनदा धुतली, उन्हात वाळवली. मग प्रश्न आला, की रेल आणि पाइप धुवायचे कुठे? रस्त्यावर वाळूचे डंपर जात होते. तेव्हा मला आपलं स्वयंपाकघर आठवलं. पंपाचे नाजूक भाग तुम्ही गॅरेजमध्ये कधीच जुळवले नाहीत, आईच्या ओट्यावर जुळवायचात. आई ओरडायची, "इथं भाकऱ्या होतात, लोखंड नाय!" आणि तुम्ही मान खाली घालून, चिमट्याने ती स्प्रिंग बसवत म्हणायचात, "सबंध पोलादपुरात एवढी चोख जागा दुसरी नाय, म्हणून तर येतो. कौतुकच करतोय तुझं." आई हसू दाबत चुलीकडे वळायची. एकदा तर तिच्या मोदकपात्रात तुम्ही व्हॉल्व्ह भिजत घातले होते आणि ऐन चतुर्थीला ते बाहेर आले. त्या दिवशी मात्र कौतुक चाललं नाही.

मी रस्त्यालगतच्या पहिल्या घरात गेले आणि त्या बाईला सरळ म्हटलं, "ताई, तुमचं स्वयंपाकघर देता का थोडा वेळ? लोखंड धुवायचंय." ती आधी दचकली, मग हसायला लागली. मावशीने तिला साकवाचं सांगितलं. तिने जमीन पुसून घेतली, स्वतःची धुतलेली पांढरी चादर अंथरली आणि दार लावून घेतलं. बुधवारी दिवसभर मी त्या चादरीवर बसून एकेक पाइप, एकेक तोंड धुतलं, हवेने फुंकलं आणि लगेच बुच लावून बंद केलं. शेवटी चादरीवर चकाकीचा एक कणही उतरेना, तेव्हा मी पाठ टेकली. त्याच वेळी मला कळलं, आबा, की तुमची विद्या बाद झालीच नव्हती. टायमिंग ही तुमची कला होती, त्याची लोकांनी तारीफ केली. पण विद्या ही होती. दारं लावून, हात धुऊन, बुच लावून बसणं. याची तारीफ कुणी केली नाही, कारण यात बघण्यासारखं काही नसतं.

गुरुवारी सकाळी काका बाकीचं नवं सामानही घेऊन परतले. सहापैकी दोन इंजेक्टरचे नोझल बदलावे लागले होते, चार नुसते साफ होऊन आले. मी नवा पंप खोक्यातून काढला, त्याची बुचं अगदी शेवटच्या क्षणापर्यंत ठेवली. जुन्या पंपाचा गिअर ओढून नव्या पंपाला चढवला, नट मापाने आवळला, नवा रबर ओ-रिंग, धुतलेले पाइप, नवा फिल्टर, नवी जाळी, टाकीला नवं झाकण. दुपारी तीनला फिल्टरवरचा हातपंप मारमारून नळ्यांतली एअर काढली आणि काकांना म्हटलं, सेल्फ मारा. इंजिन फिरलं, पण पेटलं नाही. पुन्हा. पुन्हा नाही. माझ्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर रेलच्या दाबाचा आकडा थोडा वर जायचा आणि पडायचा. काकांनी खिडकीतून माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात तोच जुना 'मेकॅनिक कोण हाय?' होता. मावशी उठून उभी राहिली होती. 

मी पहिल्यापासून एकेक जोड बोटाने तपासत आले, टाकीपासून. फिल्टरच्या जोडावर पोचले आणि थांबले. तांब्याचा एक वायसर कमी पडला होता म्हणून तिथे मी जुनाच फिरवून लावला होता. माझीच चूक. तिथून गाडी हवा ओढत होती. मी काकांना मोठ्याने सांगितलं, "माझं चुकलं, जुना वायसर लावला." त्यांनी आपल्या सीटखालचा डबा उपडा केला आणि त्या पसाऱ्यातून तसाच एक नवा वायसर शोधून दिला. बसवला, पुन्हा एअर काढली. "मारा."

आकडा चढला. चढतच गेला. इंजिन एकदा खोकलं, दुसऱ्यांदा खोकलं आणि लागलं, आबा! पहिला पांढरा धूर उडाला, मग आवाज बसला. एकसारखा, गोल, कुठे खडा नाही. मी एक पुठ्ठा घेऊन पाइपांवरून फिरवला, थेंब नाही. काका खाली उतरले आणि बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले, जसे लोक बैलाच्या वशिंडावर ठेवतात. घरातली ताई दारात आली, तिच्या हातात तीच चादर, डागांची. मावशीने मला जवळ ओढून, दृष्ट काढायला माझ्याच काळ्या हातांची बोटं आपल्या कानशिलांवर मोडली. उलटं झालं म्हणायचं, पण तिला चाललं.

शुक्रवारी सकाळी मी काकांच्या शेजारी, मांडीवर स्क्रीन घेऊन बसले. भरल्या गर्डरनी ट्रक चढणीला लागला. पहिलं वळण, दुसऱ्या गिअरला आला, आकडा जागचा हलला नाही. जिथे आधीचा एक पंप मेला होता त्या वळणावर काकांनी नकळत श्वास धरला, मीही धरला. ट्रक तिथून असा गेला, की जागेची ओळखच नव्हती त्याला. काका ओरडले, "खेचतोय गो, खेचतोय!" साठीच्या पुढचा माणूस आणि लहान पोरासारखा हॉर्न वाजवत सुटला. ओढ्यावर क्रेन आमच्या मागून आली. दुपारपर्यंत पहिला गर्डर काठाला काठ जोडून बसला. आणि आषाढात, ओढा दोन्ही थडींना लागून वाहत असताना, मावशीची सून साकवावरून स्वतःच्या पायांनी चालत आली, जीपमध्ये बसली आणि महाडला तिला मुलगी झाली. मावशी पेढे घेऊन गॅरेजवर आली होती. काकांचा ट्रक आता आपल्याकडेच येतो. नुसता त्यांचा नाही, त्यांनी घाटातल्या अर्ध्या ड्रायव्हरांना सांगितलंय.

आता एकच राहिलं. गर्डर बसला तेव्हा वाडीचे सगळे तिथे जमले होते. काकांनी मला पुढे केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "ही टाकीची अक्कल आबानंच शिकवलीन ना तुला?" त्यांना हो ऐकायचं होतं. मलाही ते सोपं होतं. मी म्हटलं, "नाही. आबांनी हा पंप कधी बघितलाही नव्हता. माझं मी शिकले."

लोक खूश झाले, कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. पंपाबद्दल ते खरंच होतं. बाकी किती खोटं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. पण त्या घटकेला, त्या ओढ्यावर, मला ते सगळं एकटीचं हवं होतं. कुणाची मुलगी म्हणून नको होतं. मग वाटलं, घरी येऊन तुमच्या फोटोसमोर उभं राहिल्यावर लाज वाटेल. तशी ती वाटली नाही, आबा, आणि हे तुमच्या तोंडावर मला कधीच सांगता आलं नसतं. तुम्ही वाचणार नाही, म्हणूनच लिहून झालं.